पाण्यात उतरणाऱ्याचा वाटा

रविवारच्या बाजारात मासळीची ओळ लागली की माझी पावलं आपोआप मंदावतात. चंद्रपुरात इतकी वर्षं काढली, तरी ओल्या पोत्यावर मांडलेले मासळीचे वाटे दिसले, की भाव विचारायच्या आधी मी ते एकसारखे आहेत का ते बघते. आज एक म्हातारी बाई झिंगे, शिंगी आणि थोडी मरळ असे वाटे लावून बसली होती. खाली पळसाची पानं, आणि त्यांतून येणारा तो वास: गाळाचा, शेवाळाचा, उन्हात वाळत घातलेल्या जाळ्याचा. या वासाला लोक नाक मुरडतात. माझी मात्र मान ताठ होते. उगाच नम्रतेचा आव आणणं मला जमत नाही. मला अभिमान आहे, आणि तो कशाचा ते आज सांगून टाकावंसं वाटतंय.

नागभीडच्या बाजूला, धानाच्या बांध्यांच्या मधोमध आमचं गाव. गावाला जुना तलाव, आणि तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या उताराला, आम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं. उन्हाळ्यात पाणी आटलं की मच्छीमार सोसायटीची मोठी मासेमारी व्हायची. सगळी मासळी पाळीवर ओतायची, पळसाच्या पानांवर सारखे ढीग लावायचे, आणि मग एका माणसाने त्या ढिगांकडे पाठ करून बसायचं. दुसरा एकेका ढिगावर काठी ठेवून विचारणार, "हा कोणाचा?" पाठमोरा माणूस न बघता नाव घेणार. ज्याचं नाव, त्याचा ढीग. बारका आला की मोठा, तक्रार नाही. हा पाठ करून बसण्याचा मान माझ्या बापाचा होता, कारण बा नेमाचा कडक. नेम एकच: जो वर्षभर पाण्यात उतरला, त्याला वाटा. गुडघ्यांनी दगा दिला आणि त्याचं स्वतःचं पाण्यात उतरणं बंद झालं, त्या वर्षी त्याने सगळी नावं घेतली आणि आमच्या घराचं गाळलं. माय टोपलं घेऊन उभी होती, ती रिकाम्या टोपल्याने परतली. त्यानंतर कितीतरी दिवस ती त्याच्या ताटात नुसतं वरण वाढत होती.

अशा माणसाची मी एकुलती एक मुलगी, आणि डॉक्टर झाले. नागभीडला स्टेशनच्या वाटेवर माझा दवाखाना व्हावा, असं बाच्या मनात होतं. नुसतं मनात नव्हतं, पेशंट बसायचा बाक कुठल्या भिंतीला लावायचा इथवर ठरलेलं होतं. आणि मी घरी येऊन सांगितलं की मला पीएचडी करायची आहे.

"अजून शिकाचं हाय?" बाने विचारलं.

"हो बा."

"मंग आतावरी काय केलं?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते त्याच्या तोंडावर देण्याइतकी मी धीट नव्हते. गावाने आपलं उत्तर काढलं: पोरगी नापास झाली. डॉक्टर झालेलं माणूस पुन्हा कॉलेजात जातं, याचा दुसरा अर्थ तरी काय लावणार? शेजारची काकू माझा हात हातात घेऊन म्हणाली, "जाऊ दे व माय, रडू नोको. पुढच्या साली निघशीन पास." मला हसू आवरेना, आणि बाला ते हसू सोसेना. पानठेल्यावर लोक त्याच्याकडे हळू आवाजात माझी चौकशी करत, जशी घरात कुणी आजारी असल्याची करावी. तो पान न खाताच घरी येई. ते मला फार लागायचं.

माझं उत्तर आमच्या सगळ्यांच्या पायांवर होतं. तलावात उतरलं की पोटऱ्यांना खाज सुटायची, लाल पुरळ उठायचं, खाजवून खाजवून जखमा व्हायच्या. त्याला आमच्याकडे कुणी आजार म्हणतच नसे. ढिवराचा पाय म्हटला की खाज असायचीच. इंटर्नशिपमध्ये असे पाय माझ्यासमोर आले तेव्हा मी मलम लिहून दिलं, आणि पाय पुन्हा त्याच पाण्यात गेले. दवाखाना थाटून मी जन्मभर मलमच लिहीत बसले असते. मला ते पाणी तपासायचं होतं.

म्हणून मी बाची जुनी हाफपँट चढवून तलावात उतरले. सकाळी, भर उन्हात, थंडीत हुडहुडी भरत असताना. काठच्या शेवाळातल्या गोगलगाई वेचायच्या, बरणीत स्वच्छ पाण्यात सोडायच्या आणि बरण्या उन्हात मांडायच्या, हे माझं संशोधन. माय वैतागायची, कारण तिच्या लोणच्याच्या बरण्या एकेक करून माझ्याकडे येत होत्या. ऊन लागलं की काही गोगलगाईंमधून अगदी बारीक जीव पाण्यात सुटत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या दुभंगलेल्या शेपट्या वळवळताना दिसत. त्यांना जायचं असतं गुराढोरांच्या अंगात. माणसाच्या पायात ते चुकून शिरतात आणि तिथेच मरतात. आपण खाजवतो ते त्यांचं मरण. माझ्या स्वतःच्या पोटऱ्यांवर पहिलं पुरळ उठलं, त्या दिवशी मी आनंदाने ओरडले होते. मायने कपाळावर हात मारला.

जिथे गुरं पाण्यावर येत आणि शेवाळ माजलेलं असे, तिथल्याच गोगलगाईंत हे जीव जास्त सापडत होते. मी सोसायटीच्या बैठकीत बरणी आणि सूक्ष्मदर्शक घेऊन गेले. एकेकाने डोळा लावला. अध्यक्षभाऊ बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "हे चावून राह्यले होते का आमाले!" गुरांसाठी वेगळी जागा ठरली, काठचं शेवाळ काढलं, जाळं पाळीच्या बाजूने टाकायचं ठरलं. खाज संपली नाही. पण कमी झाली हे पायच सांगत होते. बा त्या बैठकीत मागे बसून होता. त्याने डोळा लावला नाही.

त्या उन्हाळ्यात मासेमारी झाली. ढीग लागले. बा पाळीवरच्या आंब्याखाली पाठ करून बसला. "हा कोणाचा?" नाव. "हा कोणाचा?" नाव. मी मायजवळ उभी होते, नेहमीसारखी बघायला. शेवटचं नाव घेऊन बा उठायला लागला, तेव्हा अध्यक्षभाऊ म्हणाले, "बस गा भाऊ. एक राह्यला हाय."

"झाले ना सारे."

"नाई. ध्यान कर बरं, पाण्यात कोण उतरलं होतं?"

बाची ती पाठ मला अजून दिसते, उन्हाने काळी पडलेली, खांद्यावर पंचा. जो माणूस स्वतःच्या घराचं नाव गाळताना अडखळला नव्हता, तो आता अडखळला होता. मग मागे न बघता, सगळ्या पाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माह्या पोरीचा."

माय टोपलं घेऊन इतक्या लगबगीने पुढे गेली, की मासळीआधी तीच घसरून पडली असती. संध्याकाळी बा पानठेल्यावर गेला, ते म्हणे स्वतःहून सांगायला.

पुढे प्रबंध लिहून झाला, तोंडी परीक्षा झाली, पदवी मिळाली. ती भिंतीवर आहे आणि मला प्रिय आहे. पण माझं काम हे काम आहे, असं ठरलं ते त्या पाळीवर. आता गावी त्या ढिगांकडे पाठ करून दुसरंच कुणी बसतं. माय राहिली नाही. बा माझ्याकडे असतो, खिडकीशी खुर्ची टाकून, शहरातल्या मासळीला चवच नाही असं म्हणत. इतकं बदललं, पण पाण्यात उतरेल त्याला वाटा, हे मात्र मी त्याच्याकडून घेऊन ठेवलं आहे.

"कोणता देऊ व बाई?" म्हातारीने विचारलं. भर बाजारात मी तिच्या वाट्यांकडे पाठ करून उभी राहिले. तिने एकदा वाट्यांकडे पाहिलं, एकदा माझ्या पाठीकडे. मग तिला उमगलं, आणि ती खुदकन हसली. बहुधा तिचाही कुठे एखादा तलाव असणार.

"हा कोणाचा?" तिने विचारलं.

मी म्हणाले, "माह्या बाचा."