माळ्याएवढी उंची

बाळांनो,

मी पाठवलेली ज्वारीची चित्रफीत पाहून तुम्ही दोघांनी रविवारच्या फोनवर तीन प्रश्न विचारलेत. तिला आवाज का नाही? ड्रोन इतका खालीच का ठेवलास, आकाशात का नेला नाहीस? आणि आम्हांला पहिला ड्रोन घ्यायचा असेल तर कुठला घ्यावा? मी म्हटलं, लिहून कळवते. परवा शेतातला माळा उतरवला, म्हणून आजच लिहायला बसले. माझ्या वयात तपशील उद्यावर टाकू नयेत.

आवाजाचं उत्तर सोपं आहे. आपल्या ड्रोनचा कॅमेरा आवाज टिपत नाही. टिपला असता तरी पंख्यांच्या घरघरीखेरीज काही ऐकू आलं नसतं. तेव्हा त्या दिवशी कोण काय बोललं ते इथे वाचा.

आजोबांच्या खुब्याचं ऑपरेशन दिवाळीआधी झालं. शिडी बंद, मांडी घालून बसणं बंद, जिना फक्त कुणाचा तरी हात धरून. ते सगळं त्यांनी मुकाट्याने घेतलं. एक गोष्ट मात्र मनाला लागली. मोडनिंबजवळच्या आपल्या शेतात यंदा शेवटची ज्वारी होती. शिवारात कालव्याचं पाणी आलं, शेजारी उसाकडे वळले. आपलं शेत वाट्याने करणाऱ्या बाईंनीही सांगितलं की पुढल्या हंगामापासून ऊसच लावायचा. त्यांचं बरोबर होतं. चहूकडे ऊस आणि मधेच ज्वारीचा एक तुकडा असला की साऱ्या गावाची पाखरं त्या तुकड्यावर उतरतात.

त्याच शेतात आजोबा लहानपणी माळ्यावर बसून पाखरं राखत. माळा म्हणजे चार मेढी रोवून वर फळ्या टाकलेली बैठक. तिथून गोफण फिरवायची आणि हाकारे घालायचे. नोकरी लागल्यावरही दर वर्षी हुरड्याच्या दिवसांत ते एकदा तिथे चढून तासभर बसत. मला कधी कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. यंदा चहा पिताना एवढंच म्हणाले, "माळ्यावर बसायचं राहिलं. आता ज्वारीही नाही परत." आणि पेपर उघडला. पन्नास वर्षांच्या संसारानंतर मला कळतं, पेपर कधी वाचायला उघडलाय आणि कधी तोंडासमोर धरायला.

मी ठरवलं, त्यांना वर चढता येत नाही तर वरचं खाली आणायचं.

तुम्हांला माहीत आहे, मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. माहीत नसलेली गोष्ट आधी वाचायची, रकाने आखायचे, मग ठरवायचं. एका वहीत सहा ड्रोन लिहिले आणि समोर रकाने पाडले: वजन, एका बॅटरीवर किती मिनिटं, कॅमेरा, वाऱ्यात टिकाव, किती उंच नि किती लांब जातो, सुटे पंखे मिळतात का, बिघडला तर दुरुस्ती कुठे. आठ दिवसांत इंग्रजी परीक्षणं वाचून रकाने भरले. अडीचशे ग्रॅमच्या आतला ड्रोन हौसेसाठी उडवायला परवाना लागत नाही, हे तेव्हाच कळलं. जागा मात्र सरकारी नकाशावर आधी पाहावी लागते, आणि विमानतळाच्या आसपास मुळीच उडवायचा नसतो. कॅमेऱ्याला तोल सांभाळणारं गिंबल नसेल तर चित्र थरथरतं, हेही कळलं.

वही घेऊन दुकानात गेले. दुकानदार लग्नांची शूटिंगंही करतो. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे.

"काकू, कशाला पाहिजे ड्रोन? प्री-वेडिंगला का?"

"हो," मी म्हटलं. "पन्नास वर्षं झाली, आमचं राहून गेलंय."

तो इतका हसला की मागच्या खोलीतून त्याची बायको बाहेर आली. मग त्याने वही नीट वाचली. माझ्या हिशेबात पहिला आलेला ड्रोन मोठा होता. उंच जाणारा, लांब जाणारा. त्याने त्या रकान्यावर बोट ठेवलं. "काकू, हे उंच नि लांब विसरा. पहिला ड्रोन पडतोच. पडल्यावर रडू येणार नाही असा घ्या, आणि ज्याचे पंखे माझ्याकडे मिळतात असा घ्या. बघायचंय काय तुम्हाला?"

"शेत."

"मग हा हलका बास झाला की."

हलका घेतला, दोन बॅटऱ्या आणि पंख्यांचा जास्तीचा संच घेतला. पण मनातून तो रकाना गेला नव्हता. हलका तर हलका, तोही शंभर मीटर वर जाईलच, असा माझा बेत होता.

सराव घराजवळच्या शाळेच्या मैदानावर केला, सकाळी सातला, वारा सुटायच्या आत. आजोबा घडीच्या खुर्चीवर बसत आणि जमिनीवर खडूने एक चौकोन आखून देत. ड्रोन चौकोनात उतरला तर पास. पहिल्या दिवशी एकदाही उतरला नाही. ड्रोनचं तोंड आपल्याकडे असलं की त्याची डावी आपली उजवी होते, हे वाचून कळतं, पण बोटांना कळायला आठवडा लागतो.

"अगं, गुलमोहराकडे चाललाय तो!"

"दिसतंय मला."

"दिसतंय तर थांबव की."

"अहो, तुम्ही बोललात की माझी बोटं चुकतात."

"म्हणजे पन्नास वर्षं माझ्यामुळेच चुकतायत."

दहाव्या दिवशी पाचांपैकी चार वेळा चौकोनात उतरला. हुरडा संपत आला होता, दाणा पक्का होऊ लागला होता. नकाशावर शेताची जागा मोकळी होती. भाड्याची गाडी सांगितली आणि निघालो.

वाटेकरीणबाई माळ्यावर होत्या. साठीच्या, सडसडीत, हातात गोफण. आम्हांला बघून वरूनच ओरडल्या, "अण्णा, या की वर!" मग काठी दिसली तशी त्यांनी जीभ चावली. आजोबांसाठी बांधावर खुर्ची मांडली, ड्रोनला दिसणारं चित्र दाखवणारा फोन त्यांच्या हातात दिला, रिमोट माझ्याकडे ठेवला, ऊन लागू नये म्हणून डोक्यावरून शाल पांघरली, आणि मी ड्रोन वर चढवला. वीस मीटर, पन्नास, शंभर. सगळं शेत पडद्यावर आलं, शेजारचा ऊस, कालवा, हमरस्त्यावरच्या गाड्यासुद्धा.

"दिसतंय का?"

"छान आहे," आजोबा म्हणाले.

मीठ कमी पडलेल्या उपम्यालाही ते छानच म्हणतात. मी आणखी वर नेला.

"अगं, ही सतरंजी झाली," ते हळूच म्हणाले. "यात ज्वारी कुठली?"

मला एकदम शरमल्यासारखं झालं. त्यांनी मागितला होता माळा, आणि मी वही आखून त्यांच्यासाठी आभाळ आणलं होतं. ज्याला बघायचंय त्यालाच, कुठून बघायचंय, हे विचारायचा रकाना मी आखला नव्हता.

ड्रोन खाली आणू लागले. कणसांच्या थोडा वर येऊन तो थांबला आणि गोफण सुटली. बाईंना मी सगळं सांगितलं होतं आणि त्यांनी "व्हय व्हय" म्हटलंही होतं, पण उभ्या पिकावर काही घिरट्या घालू लागलं की त्यांचा हात त्यांना विचारत नाही. खट् असा आवाज झाला आणि ड्रोन ज्वारीत दिसेनासा झाला.

"अगं बया!" बाईंनी गोफण फळीवर टाकून दिली. "वैनी, म्या मुद्दाम न्हाय केलं. हातच गेला."

आजोबा शालीच्या आत हलत होते. मला वाटलं, रडतायत. ते हसत होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच तसे हसले. "नेम बघितलास?" म्हणाले. "तिच्या सासूचाही असाच होता."

डोक्यावरून जाणाऱ्या ज्वारीत तळहाताएवढं यंत्र शोधायचं कसं? बाई माळ्यावरून पाहत राहिल्या. वारा आला, सगळी कणसं झुकली. "त्या तितं ज्वारीचं एक ताट मोडलंय, हलत न्हाय," त्या म्हणाल्या, खाली उतरल्या, सरळ आत शिरल्या आणि पदरात ड्रोन घेऊन आल्या. एक पंखा तुटला होता, बाकी सगळं शाबूत. मी पिशवीतून छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला, नवा पंखा बसवला, दुसरी बॅटरी घातली. सुट्या पंख्यांचा रकाना तेवढा कामी आला.

"आता कुठं उडवायचा ह्याला?" बाईंनी विचारलं.

मी आजोबांकडे पाहिलं. "तुम्ही सांगा."

त्यांनी काठीने माळा दाखवला.

बाई ड्रोन घेऊन वर चढल्या, मधल्या फळीवर ठेवला आणि खाली उतरून दूर उभ्या राहिल्या. मी खालून तो फळीपासून हातभर उचलला आणि तसाच थांबवला. तुम्ही विचारलंत ना, वर का नेला नाहीस? बसलेल्या माणसाचे डोळे तिथेच येतात, म्हणून.

आता पडद्यावर कणसं होती, टपोरी, दूरपर्यंत. आजोबा पुढे वाकले. पलीकडच्या बांधावर ज्वारी झुकली, मग तिच्या अलीकडची, मग तिच्याही अलीकडची. "बघ, आला," ते म्हणाले. "आला, आला..." आणि मग खरंच वारा आमच्या तोंडावर आला. माळ्यावरून वारा पोचायच्या आधी दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं. दर वर्षी ते याच्यासाठी वर बसत.

घरघरीने उडालेली पाखरं परत उतरू लागली. आजोबांनी फोन मांडीवर ठेवला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि हाकारा घातला, "हाऽऽ हो! हाऽऽ हो!" एवढा आवाज त्यांच्यात असेल असं मला वाटलं नव्हतं. चित्रफितीत शेवटी पाखरांचा थवा एकदम उठतो ना, तो त्या हाकाऱ्याने.

"लई मोठा आवाज हाय की अण्णांचा," बाई म्हणाल्या. "वैनी, यंतर न्या घरी. ह्यांना ठेवा हितं राखणीला."

बॅटरी उतरू लागली तसा मी ड्रोन खाली घेतला. खडूचा चौकोन नव्हता, तरी आजोबांच्या पायापाशीच उतरला.

तर पहिला ड्रोन. हलका घ्या, पंखे जवळपास मिळतील असा घ्या, आणि घेण्याआधी विचारा की बघायचंय कुणाला आणि कुठून. उंचीचा रकाना शेवटी भरा.

ज्वारी काढली. आता उसाचं बेणं लागेल. माळ्याच्या दोन मेढी बाईंच्या गोठ्याला लागल्या, दोन सरपणात गेल्या. ड्रोन माझ्या कपाटात आहे, तीन जुन्या आणि एका नव्या पंख्याचा. चित्रफीत एक मिनिट चाळीस सेकंदांची आहे, मुकी. हाकारा आजोबांच्या गळ्यात आहे.