माहेरच्या कार्डावरचं नाव

लग्नानंतर चार वर्षं माझं आणि सासूबाईंचं एकाच गोष्टीवरून वाजत होतं. माझ्या बायकोचं नाव त्यांच्या रेशनकार्डावरून कमी करायचं होतं आणि त्या काही ते करत नव्हत्या. त्यांचं गाव शिरूरजवळ, घोडनदीच्या काठाला. थोड्या रानात झेंडू आणि शेवंती करतात. मी कुरकुंभला केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे ऑपरेटर, राहायला दौंडला. भावांपासून वेगळा झालो तेव्हा माझं स्वतंत्र कार्ड निघालं, पण त्यात बायकोचं नाव चढवायचं तर माहेरच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. सासरे आमच्या लग्नाआधीच वारले होते, त्यामुळे कार्ड सासूबाईंच्या नावावर, आणि अर्जही त्यांनीच करायचा.

दर सणाला मी विचारायचो आणि दर सणाला नवं कारण निघायचं. कधी सर्व्हर बंद, कधी साहेब इलेक्शनच्या कामावर. एकदा पितृपंधरवडा निघाला, एकदा अधिक महिना. "जावईबापू, असल्या म्हयन्यात कुनी नाव कापतं व्हय?" मी मनात म्हणायचो, या बाईच्या पंचांगात तहसीलला जायचा मुहूर्तच नाही.

माझा स्वभाव तापट. आधी कान तापतात, मग तोंड सुटतं. गेल्या दिवाळीला असंच सुटलं. समोर करंज्यांचं ताट होतं, तरी मी म्हणालो, "पाच किलो धान्यासाठी लेकीचं नाव अडवून धरलंय तुम्ही, मामी."  त्यांनी करंज्यांच्या डब्याला झाकण लावलं आणि म्हणाल्या, "करते आठ दिसांत." परतताना बायको गाडीवर आमच्या दोघांच्या मधे फराळाची पिशवी ठेवून बसली. मला मात्र एकदाचं काम मार्गी लागल्याचं समाधान होतं.

त्या हिवाळ्यात तिला जिना चढवेना. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. आधी ती मधे एकदा थांबायची, मग दोनदा, मग पिशवी खाली ठेवून पायरीवर बसायची. मी शहाणपणा केला, "चालत जा जरा, घरात बसून बसून सुस्ती आलीय." दौंडच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली. लहानपणी आलेल्या कसल्याशा तापामुळे हृदयाची एक झडप आक्रसली होती. महिन्याभरात उघडून घ्या, लांबवू नका, असं डॉक्टर म्हणाले. ती सव्वीस वर्षांची होती. मी घाबरलो. इतका की घरी येताना गाडी सुरू करायची किल्ली हातात असून खिशात शोधत होतो.

आधीच्या ठेकेदाराकडे आम्हाला विम्याचं कार्डच नव्हतं. नव्याकडे ईएसआयचं कार्ड मिळालं, त्याला जेमतेम चार महिने झाले होते. एचआरचे साहेब भला माणूस. त्यांनी कागद चाळले आणि सांगितलं की औषधगोळ्या मिळतील, पण घरच्यांच्या एवढ्या मोठ्या उपचाराला नोकरीचा काळ भरावा लागतो आणि माझा अजून भरला नव्हता.

"साहेब, झडपेला काय सांगू, माझा काळ भरेपर्यंत दम धर म्हणून?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "तोवर मोफत उपचाराची सरकारी योजना आहे ना. रेशनकार्ड घेऊन पुण्याला जा. तिथं काउंटरवर आरोग्यमित्र म्हणून माणूस बसवलेला असतो, तो सगळं करून देतो."

पुण्याच्या दवाखान्यात त्या काउंटरवर माणूस नव्हता, एक तरुण मुलगी होती. तिनं माझं कार्ड उलटं-सुलटं केलं. "यांचं नाव कुठाय यात?"

नव्हतंच. माझे कान तापले. मागे रांग उभी होती, तरी मी तिला चार वर्षांची सगळी कहाणी ऐकवली; सासूबाई, सर्व्हर, अधिक महिना, सगळं. बायको शेजारच्या बाकावर बसून खाली बघत होती.

त्या मुलीनं माझं बोलणं मधेच तोडलं. "दादा, थांबा. म्हणजे माहेरच्या कार्डावर नाव अजून आहे?"

"आहे म्हणजे काय, तेच तर रडगाणं आहे!"

"अहो, मग बरंच आहे की! कुठल्याही एका कार्डावर नाव पाहिजे. तेच कार्ड आणा, आज-उद्या. फक्त तेवढ्यात नाव काढलेलं नसलं म्हणजे झालं."

तेव्हा मला दिवाळी आठवली. करते आठ दिसांत, असं त्या म्हणाल्या होत्या. आठ दिवस होऊन दोन महिने गेले होते. जन्मात पहिल्यांदा मी देवाला म्हणालो, सासूबाईंनी माझं ऐकलेलं नसू दे. आजाराचं आम्ही त्यांना अजून कळवलं नव्हतं. उगाच घोर नको म्हणून बायकोनंच थांबवलं होतं. मी फोन लावला आणि घाईत सरळच विचारलं, "मामी, नाव काढलं का?"

 पलीकडून एकदम ठसक्यात उत्तर आलं, "व्हय, काढलं की! कवाच काढलं. तुमी आता कायबी काळजी करू नका."

मी काउंटरला धरून उभा राहिलो.  माझाच हट्ट, माझंच तोंड, आणि आता शिक्षा बाकावर बसलेल्या माणसाला. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, सगळं ओळखलं आणि फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"आये, खरं सांग. हे रागवत न्हाईत. काढलंस का नाव?"

फोनचा आवाज मोठा होता. मला स्पष्ट ऐकू आलं. "न्हाई गं बाई काढलं. फारम आनून कोनाड्यात ठिवलाय. तेनला सांगू नगं, लई चिडत्यात."

मी मटकन बाकावर बसलो आणि हसायला लागलो. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, ते शर्टाच्या बाहीला पुसलं. काउंटरवरची मुलगीही हसली. "नातेवाईक खोटं बोलल्यानं कामं अडलेली रोज बघते, खोटं निघाल्यानं सुटलेलं आजच बघतेय," म्हणाली. मग बायकोनं आईला आजाराचं सांगितलं. "कार्ड घिऊन येते सकाळच्याला," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं सासूबाई शिरूरहून आल्या. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, ती पिशवी ब्लाउजपीसमध्ये, आणि ते पोटाशी धरलेलं. आधारकार्डावर बायकोचं सासरचं नाव होतं, म्हणून लग्नाचा दाखलाही जोडावा लागला. तो माझ्याकडे होता. काउंटरवरच्या मुलीनं झेरॉक्स आणायला पाठवलं. त्या मशीनपाशी मी ते कार्ड पहिल्यांदा उघडून पाहिलं. ज्या कार्डासाठी चार वर्षं भांडलो, ते मी कधी बघितलंच नव्हतं.

आत हातानं लिहिलेली नावं होती. सासऱ्यांच्या नावावर पट्टी ठेवून मारलेली लाल रेघ होती, सरळ आणि जाड. खाली सासूबाईंचं नाव, मेव्हण्याचं, आणि शेवटी माझ्या बायकोचं. ते स्वच्छ होतं.

मी परत आलो तेव्हा सासूबाईंनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं. कार्ड हातात घेत म्हणाल्या, "ते गेले तवा मयताचा दाखला घिऊन मीच गेले हुते. साहेबानं रेघ मारली, मी समोर हुते. मग हिच्या नावावर तशीच मारा म्हनून कुन्या तोंडानं सांगू? जिती हाय की ती."

"चुकलं माझं, मामी."

"आन् धान्य खाल्लं बरं का आमी," त्या म्हणाल्या. "तेबी खोटं न्हाई."

मंजुरी तिसऱ्या दिवशी आली. छाती उघडावी लागली नाही. मांडीतून नळी घालून फुग्यानं झडप मोकळी केली. डॉक्टर बाहेर येऊन "झालं, छान झालं," म्हणाले तेव्हा मी आणि सासूबाई एकाच वेळी उठलो आणि एकमेकांना धडकलो. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. संध्याकाळी बायकोनं पहिला प्रश्न विचारला, तुम्ही दोघं भांडला तर नाहीत ना.

पावसाळ्यापर्यंत माझ्या नोकरीचा काळ भरत आला होता आणि ईएसआयमधून मोठा उपचारही लवकरच मिळणार होता. मी नावाचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. फोन सासूबाईंचाच आला. "शनिवारच्या आत या, तहसीलला जाऊ. लेकीचं नाव तिच्या घरी लागलं पायजे. पुन्यांदा कदी अडलं तर मी कुठं पुरनार?"

शिरूरच्या तहसीलला पुरवठ्याचं, म्हणजे रेशनचं टेबल वरच्या मजल्यावर होतं. मी सासूबाईंना हाताला धरून जिना चढवत होतो. बायको आमच्या पुढे गेली आणि एका दमात वर पोचली. कठड्यावरून वाकून म्हणाली, "या की लवकर, किती थांबताय!" सासूबाई अर्ध्या जिन्यात उभ्या राहिल्या आणि नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या. दम त्यांनाच लागला होता.

साहेबांनी अर्ज घेतला, संगणकात नोंद केली, मग जुनं कार्ड पुढे ओढलं. पट्टी ठेवली आणि लाल पेन उघडलं.

"साहेब, रेघ मारायची न्हाई," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, नियम आहे."

माझे कान तापायला लागले होते, पण मी तोंड आवरलं. हात जोडले आणि म्हणालो, "साहेब, नोंद तर झालीच आहे. इथं नुसतं शेजारी लिहा ना."

त्यांनी आमच्या तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग लाल पेन बंद केलं, खिशातलं निळं काढलं आणि नावापुढच्या रिकाम्या जागेत काहीतरी लिहिलं. सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं.

"वाचा, जावईबापू."

"विवाह होऊन दौंड येथे सासरी," मी वाचलं.

"आनि येकदा वाचा," त्या म्हणाल्या, आणि मी पुन्हा वाचलं.