चोर पकडायची खूण

अख्खी नोकरी बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेली की माणसाला जगात दोनच जाती दिसू लागतात, पकडलेले आणि अजून न सापडलेले. अशाच एका तिकीट तपासनिसांना गल्लीत 'दाखवा' म्हणत, कारण दूधवाल्याने दूध ताजं आहे म्हटलं तरी यांच्या तोंडून तेच निघायचं.

निवृत्तीनंतर दाखवा थांब्याथांब्यावर जाऊन बसू लागले. कोण चढतं, कोण राहून जातं, म्हाताऱ्यांना कुठे दम लागतो, सगळं टिपलं. त्यातून बसमार्ग सुधारण्याचा चांगला भक्कम अभ्यास उभा राहिला.

शहरात सुधारणांचं एक मासिक निघायचं. चालवणारी संस्था नफा न कमावणारी. कुणीही कल्पना पाठवावी, बाकीच्या लेखकांनी मसुदा वाचून समासात शंका लिहाव्यात, मग लेख छापावा, अशी तिथली रीत. परिवहन कार्यालय त्या मासिकाचं ऐकायचं.

"पाठवा की," बायको म्हणाली. "कपाटात काय उबवत बसलाय?"

"आणि कुणी ढापलं तर? इतक्या जणांच्या हातून जाणार म्हणे. फुकट राबणारी माणसं, त्यांचा काहीतरी डाव असणारच."

शेवटी पाठवलं, पण साधंसुधं नाही. एक वाक्य मुद्दाम खोटं घातलं: 'रुग्णालयाच्या मागच्या फाटकाचा थांबा दुपारी ओस असतो, तिथे बस थांबायची गरज नाही.' खरं तर डायलिसिस झालेली माणसं दुपारीच तिथून बाहेर पडतात. पण कुणी लेख चोरलाच, तर ते वाक्यही चोरेल आणि रंगेहाथ सापडेल. छापायच्या आधी आपण ते गुपचूप काढू, असा बेत.

मसुद्यावर शेरे आले. सगळे कामाचे, आणि त्यामुळेच दाखवांना संशयास्पद. मासिकात लिहिणाऱ्या, त्याच रुग्णालयातल्या एका परिचारिकेने त्या वाक्यापाशी लिहिलं होतं, 'दुपारी ओस? नक्की?'

"बघ, पोटात शिरून माहिती काढतेय," दाखवा बायकोला म्हणाले. आणि उत्तर ठोकलं, 'मी स्वतः पाहिलं आहे.' तिने पुन्हा विचारलं नाही. मग तिच्या गप्प बसण्याचाही यांना संशय!

छपाईआधी तपासायचं शेवटचं मुद्रित घरी आलं तेव्हा बायको म्हणाली, "आता तरी काढा ते वाक्य."

"काढलं तर ती परिचारिका विचारेल, मग पाहिलं होतं ते काय? पुढच्या अंकात दुरुस्ती देईन."

लेख छापून आला. कुणी काही चोरलं नाही. दाखवांची छाती फुगली, आणि खरं सांगायचं तर थोडी निराशाही झाली. पण पुढचा अंक निघायच्या आत परिवहन कार्यालयाने सगळ्या सूचना जशाच्या तशा लागू केल्या.

ऐकल्यावर दाखवा दुपारी रुग्णालयाच्या मागच्या फाटकाशी गेले. बस आली आणि वेग कमी न करता निघून गेली. हाताला पट्टी बांधलेली एक म्हातारी भिंतीला धरून खाली बसली होती. गणवेशातली एक बाई आतून खुर्ची ओढत आणत होती.

दाखवांनी पुढे होऊन खुर्चीला हात लावला आणि आपण कोण ते सांगितलं.

"तो लेख तुमचा?" ती थबकली. "ती शंका मीच लिहिली होती."

"मग पुन्हा का नाही विचारलंत?"

"तुम्ही स्वतः पाहिलंय म्हणालात ना. मला वाटलं, तुम्ही आलात ते माझ्या सुट्टीचे दिवस असतील, तेव्हा गर्दी नसेल. एवढा कष्टाने केलेला अभ्यास, त्यावर विश्वास ठेवला."

दाखवांना शरमेने वर बघवेना. "चूक नव्हती ती," ते म्हणाले. "मुद्दाम लिहिलं होतं. तुम्हाला पकडायला."

"मला?"

"तुम्हा सगळ्यांना."

तिने म्हातारीला उचलून खुर्चीत बसवलं, मांडीवर शाल नीट केली.

"भांडायला मला आत्ता वेळ नाही," ती म्हणाली. "आत अजून चारपाच जण आहेत. त्यांना बाहेर आणायला हात द्या."