शिडी कोणी धरलीय?

विनोदी सिनेमात लोक माणसं बघतात, मी शिडी बघतो. अबू धाबीतल्या रुवैसच्या रिफायनरीत सेफ्टी ऑफिसर म्हणून इतकी वर्षं काढल्यावर डोळ्यांना तेच वळण लागलं. शिडी नीट टेकवली आहे का, वर बांधली आहे का, खाली कोणी धरून उभं आहे का. कोणी धाडकन पडलं की थिएटरभर लोक खदाखदा हसतात, आणि यात हसण्यासारखं काय आहे हे मला खरोखर कळत नसे.

२००८ची मंदी आली आणि आमचा प्रोजेक्ट होल्डवर गेला. बऱ्याच जणांना कायमचं घरी पाठवलं. आम्हा काही जणांना सांगितलं, बोलावू तेव्हा या. त्याआधी मी आठवडाभर रुवैसच्या कॅम्पात राहायचो आणि गुरुवारी रात्री शारजात, अल नहदाच्या आमच्या फ्लॅटवर पोचायचो. शुक्रवार झोपेत जायचा आणि शनिवारी दुपारी पुन्हा बॅग उचलायची. आता मी रोज घरी होतो. बायकोला फार आनंद झाला. हातात कप देऊन 'जरा तिकडे सरका' म्हणायची वेळ येईपर्यंत तो टिकला.

त्या दिवसांत इमारतीतली कितीतरी कुटुंबं गाशा गुंडाळून भारतात परतली. समोरच्या फ्लॅटमधल्यांनी जाताना खोकंभर डीव्हीडी आमच्या दारात ठेवल्या. त्यात माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला एक छोटा सिनेमा सापडला. कृष्णधवल, बोलपट नुकते सुरू झाले होते तेव्हाचा. एक मिशीवाला सासरा आणि त्याचा उंचच उंच जावई दुकानावर पाटी लावायला निघतात, बस्स, एवढीच गोष्ट. मागे तेलात काहीतरी तळत असल्यासारखी सतत चरचर. पण तो बनवणाऱ्याला आवाजाचं नवं खेळणं मिळालेलं असावं, कारण जावई पडायचा तो पडद्याबाहेर. आपल्याला दिसायचा फक्त सासऱ्याचा चेहरा. आधी धडाम, मग काच, मग बादली. संपलं असं वाटेपर्यंत एक झाकण गरगर फिरत वाजत राहायचं, आणि सासरा डोळे मिटून ते थांबायची वाट बघायचा. मग जावई लंगडत पडद्यात परत यायचा आणि पुन्हा शिडी चढायचा.

शाळेतून आली की मुलगी वरणभाताचं ताट घेऊन आईबरोबर सोफ्यावर बसायची. रोज तोच सिनेमा आणि रोज तितकंच हसणं. मीही जाऊन बसलो.

"शिडी कोणी धरलीय?" मी विचारलं.

"बाबा, जस्ट वॉच ना!"

"अगं पण रंगाचा डबा शिडीच्या टोकावर कोण ठेवतं? आणि हेल्मेट?"

बायको म्हणाली, "अहो, तुम्ही पिक्चर बघताय की इन्स्पेक्शन करताय?"

दुसऱ्या दिवशीही माझं तोंड बंद राहिलं नाही, तिसऱ्याही नाही. शेवटी मुलीनं फर्मान काढलं, "यू कान्ट सिट हिअर, बाबा. यू स्पॉइल इट. खलास."

खरं सांगतो, नोकरी जाते की काय या भीतीपेक्षा ते मला जास्त लागलं. इतकी वर्षं मी तिच्यासाठी आठवड्याचा पाहुणा होतो. आता कुठे रोजचा बाबा व्हायची संधी आली होती, तर सोफ्यावरून हकालपट्टी. मला त्या सोफ्यावर जागा हवी होती, बाकी काही नको होतं. पण जागा मिळाली असती तरी मी पुन्हा शिडीबद्दलच बोललो असतो, हेही मला ठाऊक होतं. म्हणून तोंड पाडून डायनिंग टेबलापाशी पेपर वाचत बसायला लागलो.

तिथून मला फक्त आवाज ऐकू यायचे. एकदा बायकोनं विचारलं, "एवढं काय खुपतं हो तुम्हाला त्यात?" मी म्हटलं, "खरं पडणं असं वाजत नाही. आमच्याकडे एक पेंटर पडला होता, फार उंचावरूनही नाही. पोतं टाकल्यासारखा एकच आवाज झाला. मग कोणी बोलेचना." तो वाचला, पण कमरेचं हाड मोडून गावी गेला.

मुलगी ऐकत होती. म्हणाली, "बट बाबा, ही गेट्स अप. एव्हरी टाइम."

"सिनेमात," मी म्हटलं.

मग एका दुपारी फोन वाजला. पलीकडे साइट मॅनेजर होता. "प्रोजेक्ट चालू हो रहा है. संडे से आ जाओ, यल्ला, जल्दी!" माझ्या जिवात जीव आला. आनंदाच्या भरात मी बेडरूममध्ये गेलो. कपाटावर बॅग होती आणि बॅगेवर दिवाळीच्या फराळाचे रिकामे स्टीलचे डबे आणि परात. स्टूल किचनमध्ये होतं. ते आणायचा कंटाळा केला, आणि ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना दम भरला तो मुलीच्या कॉम्प्युटरच्या चाकांच्या खुर्चीवर चढला.

आधी मी पडलो, माझ्यावर बॅग, मग परात, मग डबे. सगळं थांबलं आणि एक झाकण फरशीवर गरगरत राहिलं. पाठ सणकून दुखत होती, पण मोडलं काही नव्हतं. ते झाकण ऐकत मी तसाच पडून राहिलो आणि मला हसू यायला लागलं.

मुलगी धावत आली. हाताला वरणभात, चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, "उठतोय, उठतोय!" तरी ती हसली नाही, भोकाड पसरून रडली. आणि एरवी माझ्याशी इंग्रजीत बोलणारी ती पोरगी मराठीत ओरडली, "खुर्चीला चाकं आहेत, बाबा! कोणी धरली होती खुर्ची? कोणी?"

बायकोनं पाठीला बाम चोळला आणि यथेच्छ बोलून घेतलं. मग मुलीनं मला हाताला धरून सोफ्यावर आणून बसवलं, मधोमध, आणि सिनेमा पहिल्यापासून लावला.

जावई शिडी चढला. मी एक शब्द बोललो नाही. पडद्यावर सासऱ्याचा चेहरा आला, बाहेर धडाम झालं, आणि मी इतका मोठ्यानं हसलो की बायकोचा घास हातातच राहिला. मुलगी मात्र हसत नव्हती. तिनं वरणाच्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं होतं, आणि जावई लंगडत पडद्यात परत येईपर्यंत तिनं ते सोडलं नाही.