बहिणीच्या सासऱ्यांचे ऊन

ऊन ही गावाची सामाईक मालमत्ता आहे आणि ती रोज वाया जाते, या दुःखाने व्याकूळ झालेला माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे माझ्या बहिणीचे सासरे. बहीण त्यांना मामाजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. भामरागडच्या बाजूला, एक नदी आणि दोन नाले यांच्या बेचक्यात त्यांचे गाव आहे. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेले की गावाचे बेट होते. वीज मात्र नदीपलीकडून यायची आणि तिचे खांब मोठ्या पुरात हमखास आडवे व्हायचे. मग नळाचा पंप बंद, धान कांडायची मशीन बंद. बाया नदीवरून गढूळ पाण्याचे हंडे आणत आणि पाणी निवळायची वाट पाहत बसत.

मामाजी कुठेही गेले तरी माणसांच्या आधी छपराकडे पाहतात. लग्नाला गेले की मांडवाच्या बाहेर उभे राहतात, म्हणतात, "एवढं चांगलं ऊन टाकून सावलीत काय बसाचं?" नवरदेवाला आशीर्वाद देताना त्याचे छप्पर दक्षिणेला उतरते का, याची चौकशी करतात. माझ्या बहिणीला पाहायला आले तेव्हा त्यांनी तिला एकही प्रश्न विचारला नाही. चहा थंड होईपर्यंत ते आमच्या गच्चीवर होते. खाली येऊन म्हणाले, "मुलगी पसंत हाय. पण गच्ची काऊन रिकामी ठेवली?" ढगांशी त्यांचे वैर व्यक्तिगत आहे. उन्हाळ्यात एखादा चुकार ढग आला तरी ते अंगणात येऊन त्याला थेट एकेरीत विचारतात, "तुले कोणी बोलावलं?"

एका उन्हाळ्यात जिल्ह्यावरून निरोप आला. नदीपलीकडून नवी लाइन किंवा गावातच सौर प्रकल्प, दोन्हींपैकी एकच मिळेल. काय हवे ते ग्रामसभेने ठरवावे. उन्हावर गाव चालू शकते, हा मामाजींनी आयुष्यभर मांडलेला दावा आता हात वर करून ठरणार होता. विरोधात होता त्यांचा बालमित्र, गावातला किराणा दुकानदार. त्याचा मुद्दा बिनतोड होता. "भाऊ, पूर येते तवा आभाळ गच्च असते. तुमचं ऊन तवा कुठी राहीन?"

"ऊन नसन, पण दिवस तं असते ना?" मामाजी म्हणाले. "का तू पावसाळ्यात भर दुपारी कंदील लावून मीठ मोजतं? कमी उजेडात प्लेट कमी कमावते, पण कमावते. उरलं ते बॅटरीत. अन् बिघडलं तं सुधरवणारा पोरगा आपल्याच गावचा. खांब पडला तं नदी उतरेपर्यंत बस बोंबलत."

बोलून भागेना, तेव्हा त्यांनी ग्रामसभाच आपल्या अंगणात बोलावली. घरावर स्वतःच्या सौर प्लेटा होत्या, खाली छोटी चक्की जोडली होती. टळटळीत दुपार होती. मामाजींनी बटण दाबले. चक्की कण्हली आणि गप्प झाली. पुन्हा दाबले, तर कण्हलीही नाही.

"भाऊ, उनाले आज उपास हाय काय?" दुकानदाराने विचारले आणि अंगण हसून लोटपोट झाले.

मामाजींनी सगळ्या वायरी तपासल्या. शेवटी कोणीतरी वर बोट दाखवले. प्लेटांवर जुने लुगडे ताणून मामीजींनी, म्हणजे मामाजींच्या बायकोने, लाखोळीच्या डाळीच्या वड्या घातल्या होत्या.

"हे काय करून राह्यली तू?" मामाजी ओरडले.

"तुमीच तं रोज म्हणता, गावात सगळ्यात चांगलं ऊन तिथीच पडते," मामीजी शांतपणे म्हणाल्या. "मंग वड्या काय सावलीत घालू?"

दोन बाया शिडी लावून वर चढल्या, वड्या दाबून पाहिल्या, त्या खणखणीत वाळल्याची ग्वाही त्यांनी वरूनच दिली आणि लुगडे ओढले. खाली चक्की घरघरू लागली. दुकानदार पुन्हा ढगांवर आला, तेव्हा मामीजींनी त्याला अडवले. "चक्की फिरली ते पाह्यलं ना? का पुरात नदीवर हंडा घेऊन तुमी जाता?" बायांचे हात एकदम वर गेले. पुरुषांचे मागाहून गेले. दुकानदाराचा सर्वांत शेवटी. प्रकल्पाच्या प्लेटांवर वड्या घालू नयेत, असाही ठराव त्याच बैठकीत झाला.

यंदा भर पावसाळ्यात मी तिथे अडकलो. चहूकडे पाणी होते आणि नळाला स्वच्छ धार होती. मोठ्या झडीत दिवे थोडे कमी वेळ लावतात, एवढेच. घरोघरी टीव्ही लागले होते. पूर्वी अशा संध्याकाळी वीज गेली की सारे गाव मामाजींच्या ओसरीवर जमून भांडायचे, असे बहीण सांगत होती. आता ओसरीवर ते एकटेच होते.

थोड्या वेळाने ते उठले, छत्री घेऊन प्रकल्पाच्या खोलीकडे गेले आणि गावातले दिवे गेले. परत येऊन मला म्हणाले, "बॅटरीले जरा आराम लागते."

अंधारात चिखल तुडवत पावले येऊ लागली. पहिला आवाज दुकानदाराचा होता. "भाऊ, सांगतलं होतं का नाई म्या, पावसात तुमचं ऊन टिकत नाई म्हणून?"

"यायनं बटण बंद केलेलं पाहूनच तो निघते घरून," मामीजी माझ्या कानाशी म्हणाल्या. "सगळ्याईले माहीत हाय."

मामाजींनी सरकून त्याला जागा केली. "बस," ते म्हणाले, "तुले पयल्यापासून समजावून सांगतो."