माहिती पुरते का, सर?

डिलाईल रोडला बँकेच्या परीक्षांचा क्लास घेतो मी. रोज ठरवतो, आज फक्त शिकवायचं. पण ‘शक्यता’ हा चॅप्टर उघडला की एखादा किस्सा घडतोच! इतके साठलेत की सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

प्रश्न असतो, खाली दोन विधानं. उत्तर काढायचं नाही. एवढ्या माहितीवर ते निघेल का, तेवढंच सांगायचं. पण आमची पोरं ऐकतील तर शपथ!

*

प्रसाद इथलाच, शेजारच्या चाळीतला. प्रश्न होता : जोडप्याला दोन मुलं, दोन्ही मुली असण्याची शक्यता किती?

हा उठून उभा! “सर, जोडपं कुठल्या चाळीतलं? नाव सांगा, आत्ता विचारून येतो. शक्यता कशाला, खात्रीच आणतो!”

*

मंगेश नायगावचा. त्यांच्या चाळीचं रिडेव्हलपमेंट चाललंय. मी मुद्दाम त्याच्या आवडीचा प्रश्न काढला. टॉवरमध्ये चिठ्ठी टाकून घर मिळणार, दहाव्या मजल्याच्या वर मिळण्याची शक्यता किती? विधान एक : मजले वीस. विधान दोन : प्रत्येक मजल्यावर घरं सारखीच.

मंगेश गंभीर. “सर, टॉवर पूर्ण होणार, हे कुठल्या विधानात आहे?”

अख्खा क्लास बाकं बडवायला लागला.

*

आणि स्नेहा! कफ परेडच्या मच्छीमार नगरातली, आई मासे विकते. वयाची मर्यादा संपत आलेली, म्हणजे ही शेवटचीच परीक्षा. “यंदा नाही तर कधीच नाही, सर,” म्हणाली.

तिला विचारलं, टोपलीत पापलेटं आणि बोंबील आहेत. न बघता एक उचलला, पापलेट येण्याची शक्यता किती? बोंबील पापलेटांच्या दुप्पट आहेत, एवढं पुरे ना?

“नाही पुरत! बोंबील बुळबुळीत, हाताला लगेच कळतो, सर. पापलेट सोडून तो कोण उचलेल?”

“अगं बाई, पेपरात असं केलंस तर गेलीस!” मी खरंच चिडलो होतो.

*

पण लेखी पास झाली! इंटरव्ह्यूही झाला. आणि परवा फोन, “सर, लिस्टमध्ये नाव आहे!” मी रस्त्यातच ओरडलो. डोळ्यांत पाणी आलं, कशाला लपवू?

विचारलं, “इंटरव्ह्यूत काय झालं गं?”

म्हणाली, “एका साहेबांनी विचारलं, ‘तुमचं वय तीस, लग्न झालेलं नाही. लग्नानंतर नोकरी सोडाल, याची शक्यता किती?’”

“मग? तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, साहेब, दोन्ही विधानं एकत्र घेतली तरी माहिती अपुरी आहे.”