पंखावरची तांब्याची पट्टी

रोज संध्याकाळी हँगरच्या फाटकाशी देवराव गजभिये सायकल भिंतीला टेकवायचे, पिशवी उलटी करायचे आणि डब्याचं झाकण काढून चौकीदारापुढे धरायचे. कोण विचारतंय तुम्हाला, असं तो दरवेळी म्हणायचा. देवराव तरी धरायचेच. ही सवय त्यांना १९७६च्या दसऱ्यानंतर लागली.

सोनेगावच्या विमानतळावर एका मालवाहू कंपनीची दोन जुनी डकोटा विमानं होती. त्यांचे रेडिओ देवराव सांभाळायचे. उडत्या विमानावर वीज पडते, हे प्रताप नगरातल्या शेजाऱ्यांना खरं वाटत नसे. देवराव सांगायचे, पडते, पण पत्र्यावरून वाहत जाऊन शेपटाकडून निघून जाते. अडचण येते ती पंखाचा हलता भाग बिजागरीवर बसतो तिथे. म्हणून तिथे विणलेल्या तांब्याची पट्टी दोन्हीकडे स्क्रूने आवळलेली असते. ती वाट अडली, की वीज आतल्या तारांत शिरते आणि रेडिओ जळतो, म्हणून त्या पट्ट्याही देवरावच तपासायचे.

त्या वर्षी दसरा उलटून थोडे दिवस झाले असतील. रायपूरहून येणाऱ्या डकोटावर वीज कोसळली. रेडिओ बंद, होकायंत्र भरकटलेलं. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर पाहून वैमानिकाने वाट काढली. विमान उतरलं तेव्हा डाव्या पंखाची पट्टी जागेवर नव्हती.

ती जळून उडाली असेल, हे कुणाच्या मनातच आलं नाही. तांबं इतवारीच्या बाजारात हातोहात खपतं, हे मात्र सगळ्यांना आठवलं. शुक्रवारी मुंबईहून मोठे साहेब येणार होते. तोवर हँगरप्रमुख गोपाळरावांनी एक नाव द्यायचं होतं, आणि ज्याचं नाव जाईल त्याची नोकरी जाणार होती.

"खंडेनवमीच्या पूजेले सारे होते," भांडारातला मुकुंद चहा पिता पिता म्हणाला. "एकच माणूस नव्हता."

खंडेनवमी आणि दसरा, या दोन दिवशी देवराव दरवर्षी रजेवर असत. दसऱ्याला दीक्षाभूमीवर येणारे गावाकडचे पाहुणे त्यांच्याच घरी उतरत. हे हँगरमध्ये सगळ्यांना वर्षानुवर्षं माहीत होतं. त्या आठवड्यात मात्र ते नव्याने कळल्यासारखे लोक बघू लागले.

देवरावांनाही मग सगळे निराळे दिसू लागले. भांडाराची किल्ली मुकुंदाकडे असते. तोच एवढा का बोलतो? शेवटी त्यांना स्वतःच्या हातांचाही भरवसा वाटेना. स्क्रू आपणच ढिला सोडला असेल का? बायको, वच्छला, काही विचारत नव्हती. तिचं न विचारणंही त्यांना खटकू लागलं.

गुरुवारी दुपारी गोपाळराव देवरावांच्या घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बसल्याबसल्या त्यांची नजर पाणी भरून ठेवलेल्या, घागरीएवढ्या तांब्याच्या गुंडावर थांबली.

"लग्नातला आहे तो, साहेब," देवराव म्हणाले.

गोपाळरावांचा चेहरा उतरला. झडतीला आलो नाही, चला, उजव्या पंखाची पट्टी माझ्यासमोर खोला, एवढंच ते म्हणाले.

हँगरमध्ये देवरावांनी स्क्रू काढले. पट्टीचं टोक उचललं, तर खाली चंदेरी रंगाचा गुळगुळीत थर होता. तांबं पत्र्याला कुठे टेकतच नव्हतं. डाव्या पट्टीखालीही हाच रंग असणार, आणि अडलेल्या विजेने ती जाळून उडवली असणार.

"हा मीच माराले लावला," गोपाळराव म्हणाले. "पूजेसाठी. पट्ट्या सोडवून, पार आतपर्यंत. कोपरे राहून गेले तर बरं दिसत नाही म्हणून."

हायसं वाटायला हवं होतं. पण रजेवरून परतल्यावर आपणही ती चमक पाहिली होती, पट्टी ओढून घट्ट लागली म्हणून पुढे गेलो होतो, आणि खूशही झालो होतो, हे देवरावांना आठवलं.

"मीही पाह्यलं होतं, साहेब. छान दिसून राह्यलं होतं, म्हणून खोललं नाही."

रंग आपण मारायला लावला आणि देवरावांनी पट्टी खोलून पाहिली नाही, या दोन्ही गोष्टी शुक्रवारी गोपाळरावांनी मोठ्या साहेबांना सांगितल्या. देवरावांची नोकरी राहिली. आपण गंमत करत होतो, असं मुकुंद म्हणाला. माफी कुणी मागितली नाही.

त्यानंतर देवराव कुठेही निघाले, अगदी पानठेल्यापर्यंत, तरी कुठे चाललो आणि का, हे कुणाला तरी सांगून जात. गोपाळरावांना ते ऐकवत नसे. पण नको म्हणण्याचं तोंडही त्यांना उरलं नव्हतं.

१९८३च्या हिवाळ्यात एका पहाटे देवराव झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी निघताना ते गोपाळरावांच्या टेबलाशी थांबले होते.

"उद्या जरासा उशीर होईल, साहेब. वच्छलेले कामठीच्या बसमध्ये बसवून येतो."